रुमालाखालचा आकडा

जून उजाडला की वाकडच्या आमच्या सतराव्या मजल्यावर ताप येतो. माणसांना नाही, मोबाइलला. माझी नात सई दिवसातून चाळीस वेळा त्यात आपले गुण घालते आणि तो तिला चाळीस वेळा सांगतो, की पार बंगालातल्या त्या नामांकित कॉलेजात शिरण्याची तुझी शक्यता एकाहत्तर टक्के. दुपारी त्याचे अडुसष्ट होतात आणि घराला सुतक लागतं. संध्याकाळी चौऱ्याहत्तर होतात आणि सूनबाई रस काढायला बसते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीतून हे बघतो. ज्या यंत्राला हात नाही त्याला शक्यता काय कळणार? शक्यता काढावी तर चाकणच्या कांदाबाजारात, केरूशेठ दलालानं, खांद्यावरचा रुमाल पसरून, त्याच्याखाली.

हे मी मोठ्यांदा बोललो असणार, कारण सई म्हणाली, "आबा, सुरू झालं तुमचं."

सुरू झालं खरं. आत्ता स्वयंपाकघरात कोणीतरी कांदा चिरतंय, त्याचा तो ओला, झणका वास सतराव्या मजल्याच्या वाऱ्यावर माझ्यापर्यंत आलाय, आणि सत्तर वर्षांपूर्वीचा उन्हाळा चपला न काढता सरळ घरात शिरलाय. त्याला बाहेर काढण्याची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही.

आमच्या काळचा चाकणचा कांदा असा तिखट होता, की बाजारात पोतं उघडलं की खेडच्या कचेरीतले कारकून रुमाल काढायचे. चैत्र-वैशाखात बाजाराच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागे. तिचं एक टोक किल्ल्याच्या खंदकाशी आणि दुसरं टोक मी कधी पाहिलंच नाही. एकदा बघायला निघालो होतो, पण मध्येच शाळा लागली. पायाखाली कांद्याच्या टरफलांचा गुलाबी चुरा घोट्याएवढा. वारा सुटला की तो उडायचा आणि सगळं गाव लग्नघरासारखं दिसायचं.

माझे वडील, आम्ही तात्या म्हणायचो, त्या बाजारात तोलार होते. मोठ्या तराजूशी उभं राहून पोती तोलायची हा त्यांचा धंदा. पण तराजू नुसता शोभेला. तात्या पोत्याकडे डावा डोळा बारीक करून बघत आणि वजन सांगत. काट्यावर वेगळं आलं तर लोक काटा दुरुस्तीला नेत. माणूस मात्र अबोल. आई मी तिसरीत असताना गेली, तेव्हापासून घरात दोन माणसं, दोन ताटल्या आणि बोलणारा एकच. तो मी. आमच्या घराच्या वाट्याला आलेली सगळी बडबड मी एकट्यानं उरकली, तीच सवय पुढे राहिली.

त्या वर्षी मी म्याट्रिकला बसलो होतो. कागदोपत्री तिचं नाव एस.एस.सी. झालं होतं, पण चाकणात कागदोपत्री नावाला कोणी विचारत नसे. निकाल पुण्याच्या वर्तमानपत्रात छापून यायचा, नुसते नंबर. सकाळच्या एस.टी.तून गावात अंक आला एक आणि बघणारे आले दोनशे. त्या एका अंकावर इतकी बोटं फिरली, की दहा वाजेपर्यंत निम्मे नंबर कागदावरून उठून लोकांच्या बोटांवर गेले. माझा नंबर मला गेनबा न्हाव्याच्या अंगठ्यावर सापडला, उलटा. पण पहिल्या वर्गाच्या रकान्यातला होता, अशी त्यानं वस्तऱ्याची शपथ घेतली.

पहिला वर्ग! चाकणच्या बाजारपेठेत त्याआधी पहिला वर्ग फक्त रेल्वेच्या डब्यावर लिहिलेला लोकांनी पाहिला होता, तोही तळेगावला जाऊन.

इथून खरी गंमत सुरू झाली. आमचे गणिताचे पाटणकर मास्तर पुण्याचे. ते म्हणाले, पुण्याच्या त्या मोठ्या कॉलेजात सायन्सला अर्ज टाक. तिथं शिकला तर पोरगा पुढे इंजिनियर होईल. पण त्या कॉलेजात म्हणे सगळ्या जिल्ह्याची, मुंबईपर्यंतची हुशार पोरं येत, आणि जागा मोजक्या. "होईल, नाही असं नाही," मास्तर म्हणाले, "पण होईलच असंही नाही." एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागले.

आता हे उत्तर पुण्यात चालत असेल. चाकणात प्रत्येक गोष्टीला भाव असतो. होईलही आणि होणारही नाही, म्हणजे किती? केरूशेठ दलालाला हे ऐकून रात्रभर झोप लागली नाही, असं तो स्वतः सांगे. दुसऱ्या दिवशी सौदे उरकल्यावर, दुपार कलंडताना, त्यानं मला बाजाराच्या पारावर बसवलं आणि जाहीर केलं, की पोराचा भाव काढायचा. दहापैकी किती, एवढंच सांगायचं. आणि सांगायचं रुमालाखाली.

ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कांद्याचा भाव त्या काळी तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि दलाल हात हातात घेत, वरून रुमाल टाकत, आणि आत बोटं धरून आकडा सांगत. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पंजा म्हणजे पाच, पंजावर पुन्हा बोटं धरली की पाचाच्या पुढचं. बाहेर दोघंही आभाळाकडे बघत उभे, जसं काही पावसापाण्याचं बोलणं चाललंय. आणि आत कोणी मूठ मिटली, तर समजायचं, की या माणसाला माल विकायचाच नाही, कितीही भाव दे. मग दलालही पुन्हा विचारत नसे. रुमालाखाली झालेलं रुमालाखालीच राही. बापानं काय सांगितलं ते लेकाला कळायचं नाही.

केरूशेठचा रुमाल विशेष. तो त्याच्या लग्नातला होता आणि तेव्हापासून धुतलेला नव्हता, कारण धुतला तर त्यातले भाव जातील अशी त्याची समजूत. टेकवून ठेवला तर रुमाल उभा राहायचा.

एकेक जण पुढे आला. पाटणकर मास्तरांनी आधी नाक मुरडलं, पण बाजाराचा रेटा असा की त्यांचाही हात रुमालाखाली गेला; बाहेर काढल्यावर त्यांनी तो तीनदा धुतला. गेनबा न्हाव्यानं बराच वेळ आत चाचपडत काढला, तेव्हा केरूशेठ ओरडला, की भाव सांग, दाढी करू नगंस. हमाल आले, गाडीवान आले. कांदा निवडणाऱ्या बायकांची म्होरकी यमुनामावशी आली. तिला माझा पहिला वर्ग म्हणजे तिच्याच घरचं लग्न. बायांनी रुमालाखाली हात घालायची रीत नव्हती. मावशीनं पदर खोचला आणि सगळ्यांसमोर दोन्ही हात वर केले, दहाही बोटं ताठ.

"मला नगं तुजा रुमाल. माजं उघडं हाय. धा."

पारावर हशा उसळला. आज सांगायला हरकत नाही, त्या दुपारी मला असं वाटत होतं, की मी कोणीतरी आहे. सोळा वर्षांचं पोर, तुटक्या पट्ट्याच्या चपला, आणि अख्खा बाजार कांदा सोडून आपला भाव करतोय. तो माज पुढे पहिल्या पगारालाही चढला नाही.

शेवटी तात्या आले. धोतराला हात पुसले. केरूशेठनं रुमाल टाकला. दोघं आभाळाकडे बघत उभे राहिले. किती वेळ? मी नेहमी सांगतो, की तेवढ्यात एक गाडी किल्ल्यापासून निघून पारापर्यंत पोचली. ते जरा जास्त होतं. पण वेळ लागला हे नक्की. मग केरूशेठनं रुमाल काढला, झटकला, खांद्यावर टाकला. तात्या परत तराजूकडे गेले.

केरूशेठनं डोळे मिटून बेरीज-वजाबाकी केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "सात. धापैकी सात. हा चाकणचा भाव हाय, ह्याच्या खाली माल जायचा न्हाई."

सात! हा आकडा त्या संध्याकाळी गावाबाहेर पडला आणि वाटेत वाढत गेला. मोशीला पोचेपर्यंत त्याचे नऊ झाले. चिंचवडला पोचला तेव्हा मला कॉलेजानं स्वतः पत्र पाठवून बोलावलं होतं. आणि पिंपरीत, जिथं तेव्हा औषधाचा नवा कारखाना निघाला होता, तिथल्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आमच्या गाडीवानाला विचारलं, की तुमच्या गावचा कोणी पोरगा पुण्याला प्रिन्सिपॉल झालाय म्हणतात, ते खरं का.

तो कारखाना मला आठवतो तो त्याच्या भोंग्यानं. चाकणपर्यंत ऐकू येत नसेल. मला येत होता. त्या उन्हाळ्यात खेड्यापाड्यातली पोरं सायकली मारत तिकडे जायला लागली होती. खाकी चड्डी, स्वच्छ पांढऱ्या भिंती, संध्याकाळी घरी. तात्यांनी एकदाच विषय काढला. भाकरी भाजता भाजता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिंपरीला पोरं घेत्यात म्हनं. म्याट्रिकवाल्याला लगीच." मी म्हणालो, घेत असतील. त्यांनी भाकरी उलटली.

मग एक दिवस दारात सायकल. जुनीच, केरूशेठच्या वखारीत पडलेली, पण तात्यांनी ती सोडवून आणली होती, नवी चेन बसवली होती, आणि तेल असं पाजलं होतं की नुसतं बघितलं तरी चाक फिरायचं. तात्यांना सायकल येत नव्हती. म्हणजे ती माझ्यासाठी. मी गावभर सांगितलं, की तात्यांनी मला कॉलेजात मिरवायला सायकल घेतली. पुण्यात काय, सगळेच सायकलवर! तात्यांनी ऐकलं आणि काहीच म्हणाले नाहीत. गप्प राहणारा माणूस आपल्याशी सहमत आहे असं समजणं, ही बोलणाऱ्या माणसाची जुनी खोड.

अर्ज द्यायचा दिवस आला. केरूशेठनं बाजाराचे नियम समजावले: गाडी पहाटे लावायची, फाटकाजवळ जागा धरायची, माल तोंडावर चांगला दिसला पाहिजे. आम्ही पहिल्या एस.टी.नं निघालो. माझ्या हातात अर्ज आणि गुणपत्रिका. तात्यांच्या पाठीवर कांद्याचं पोतं.

मला वाटलं, प्रिन्सिपॉलसाहेबांना भेट. मी शरमेनं अर्धा झालो. नाशिक फाट्यापर्यंत विनवण्या केल्या, की तात्या, पोतं इथंच कोणाकडे तरी ठेवू. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

कॉलेजात काळ्या दगडाची इमारत, थंडगार जिना, शाईचा आणि जुन्या लाकडाचा वास. व्हरांड्यात पोरांची रांग. सगळ्यांचे भांग इतके सरळ, की पट्टी ठेवून पाडलेले. प्रिन्सिपॉलसाहेब काठावरच्या अर्जांची मुलं एकेक करून आत बोलावत होते. माझं नाव आलं तेव्हा तात्याही पोत्यासकट आत. शिपायानं अडवलं, पण नव्वद शेराचं पोतं उचलणाऱ्या माणसाला शिपाई कितीसा अडवणार?

साहेबांनी माझी गुणपत्रिका वाचली. वर पाहिलं. पोत्याकडे पाहिलं. "हे काय?"

तात्यांनी सुतळी सोडली आणि पोतं जमिनीवर पालथं केलं.

वह्या. पहिलीपासूनच्या माझ्या वह्या. अकरा वर्षांच्या. मला वाटायचं, त्या रद्दीत गेल्या, चुलीत गेल्या. त्या सगळ्या माळ्यावर पोत्यात भरून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांना कांद्याचा वास असा मुरला होता, की साहेबांच्या टेबलावरच्या टाचण्यासुद्धा पाणावल्या. पालथं केल्यामुळे तळच्या वह्या वर आल्या. पहिली ते चौथी. डागाळलेल्या, लाल फुल्यांनी भरलेल्या. अकरावीच्या सुवाच्य, शंभर नंबरी वह्या ढिगाखाली गाडल्या गेल्या.

मी त्यांच्यावर झेप घेतली. तात्यांनी मला खांद्याला धरून मागं घेतलं.

"सायेब, वरलं सगळेच चांगलं लावत्यात," ते म्हणाले. "तळ बघा."

माझ्या आयुष्यात तात्या परक्या माणसाशी एवढं लांब बोललेले मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ते माझा सत्यानाश करायला. साहेबांनी वाकून एक वही उचलली. चौथीची, गणिताची. पान उलटलं. थांबले. चष्मा वर केला. मग वाचून दाखवलं. अमुक इतकी पोती, प्रत्येकाचं वजन अमुक, सगळी एका बैलगाडीत भरली तर एकूण वजन किती, असं गणित होतं. खाली माझं उत्तर, त्यावर लाल फुली, आणि त्याखाली माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात: 'हे गणित चूक आहे. एवढा कांदा एका गाडीत मावत नाही. बैल बसतील. तात्यांना विचारावे.'

साहेबांनी वही मिटली, बोट आत ठेवून. तात्यांकडे वळले.

"खरंच मावत नाही?"

आणि तात्या बोलायला लागले. चाकाची लोखंडी धाव, गाडीच्या साट्याची रुंदी, पोत्याची थप्पी, चढाला बैलाच्या मानेवर येणारा भार. हातांनी हवेत गाडी उभी केली, भरली, आणि ती पानमळ्याच्या चढाला कशी बसेल ते दाखवलं. साहेबांनी मध्ये दोन प्रश्न विचारले. बाहेर रांग खोळंबली. शेवटी साहेब म्हणाले, "बरोबर. गणितच चूक आहे." वही त्यांनी तात्यांच्या हातात दिली, मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि सांगितलं की यादी गुरुवारी लागेल.

गुरुवारी लागली. सायन्सच्या यादीत शेवटून दुसरं नाव माझं. मी पाटणकर मास्तरांच्या आधी यमुनामावशीला जाऊन सांगितलं, तिनं भरल्या बाजारात मला उचललं आणि तराजूच्या पारड्यात बसवलं. दुसऱ्या पारड्यात कांदे चढवले. तात्यांनी डावा डोळा बारीक केला आणि वजन सांगितलं. काटा तंतोतंत तिथंच येऊन थांबला. माझ्या अंगाला त्या दिवशी लागलेला कांद्याचा वास वसतिगृहातल्या साबणाला पहिली सहामाहीभर पुरून उरला.

पुढची सत्तर वर्षं मी सांगत आलोय, की त्या चौथीच्या वहीनं मला कॉलेजात घातलं. ऐकणारे खूश होतात. माझे गुण तसेही पुरेसे असतील, हे मी सहसा सांगत नाही.

निघायच्या दिवशी तात्यांनी माझी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि सायकल हातानं ढकलत एस.टी.च्या थांब्यापर्यंत आणली. मी म्हणालो, सायकल टपावर टाकू की. ते म्हणाले, राहू दे. गाडी हलली तेव्हा ते हँडल धरून उभे होते, जसं कोणी जनावराचं दावं धरतं.

मी इंजिनियर झालो. पिंपरी-चिंचवडला कारखान्यांची रीघ लागली, त्यातल्या एकात निवृत्त होईपर्यंत काम केलं. गंमत बघा, भोंग्याच्या गावीच परत आलो, फक्त मधे पुण्याला वळसा घालून. तात्या चाकण सोडून आले नाहीत. ते गेले त्यानंतर तेराव्याला केरूशेठ आला. पार थकलेला, पण खांद्यावर तोच रुमाल. जेवणं झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, धंद्याचा नेम हाय, मानूस हाय तवर रुमालाखालचं बोलायचं न्हाई. आता बोलतो.

"तुज्या भावाच्या येळंला, पोरा, सगळ्यांनी बोटं दिली. तुज्या बापानं मूठ मिटली."

मी काहीतरी हसण्यावारी न्यायला तोंड उघडलं. काही सुचलं नाही. माझ्या बाबतीत हे एकदाच घडलंय.

"मी दोनदा विचारलं," केरूशेठ म्हणाला. "विचारायची रीत न्हाई, तरी विचारलं. त्यानं सोडली न्हाई."

तेव्हापासून मी त्या पोत्याचा विचार करतो. तळ वर काढला तो कशासाठी? तात्या खरे तोलार, तळ दाखवल्याशिवाय माल देणं त्यांना पाप वाटायचं, हे एक. पण ज्याला विकायचं नसतं तोही तळचा माल वर काढतो, गिऱ्हाईक आपोआप जावं म्हणून, हेही बाजारातलं प्रत्येक पोर जाणतं. पिंपरीच्या वाटेसाठी तेल पाजलेली सायकल दारात उभी होतीच. आणि तरी, 'खरंच मावत नाही?' असं साहेबांनी विचारल्यावर ते असे खुलले, की स्वतःच्याच हातानं सौदा पटवून आले. घरी येताना गाडीत ते गप्प होते. मी चाकणपर्यंत बोलत होतो.

हे सगळं सईला सांगितलं. तात्यांच्या तेराव्याला केरूशेठ जे बोलला तेवढं गाळलं. वयात आलेल्या पोरींना सगळंच सांगू नये. ती पोट धरून हसली, टाचण्या पाणावल्याच्या जागी तर दोनदा. मग उठली, न्हाणीघरातून टॉवेल घेऊन आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि माझा हात हातात घेऊन वरून टॉवेल टाकला.

म्हणाली, मोबाइल गेला खड्ड्यात. चाकणचा भाव सांगा. दहापैकी किती.

बंगाल म्हणजे दोन रात्रींचा प्रवास. मी खिडकीबाहेर आभाळाकडे बघितलं, रीतीप्रमाणे. खाली वाकडच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती आणि तिचं दुसरं टोक दिसत नव्हतं. सईचा हात गरम होता. मी दहा सांगणार होतो, यमुनामावशीसारखे, टॉवेल फेकून देऊन, दोन्ही हात वर करून. तोंडात शब्दही तयार होते.

"आबा," सई म्हणाली, "बोटं द्या की. मूठ काय धरून बसलाय?"

मी खाली पाहिलं. टॉवेलवरून काही दिसत नव्हतं.

मग उघडली. एकेक बोट करत, पाचही. आणि मग दुसरा हात आत घालून पुन्हा पाच. जरा वेळ लागला. हल्ली सांधे धरतात.